पाचवं शील

कुशाबा पोलिसांना भ्यायचा, गिरणीतल्या जॉबरला भ्यायचा, पण त्या उन्हाळ्यात त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती एका वाक्याची.

बुद्धजयंतीला वरळीच्या बीडीडी चाळीच्या पटांगणात पंचशील सांगायचं काम अप्पांनी त्याच्यावर टाकलं होतं. अप्पा चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष. "आवाज खणखणीत हाय तुजा, तूच म्हन," म्हणाले आणि मोकळे झाले. कुशाबा एकेक शील म्हणणार आणि मागून शे-दोनशे माणसं तेच म्हणणार. पहिल्या चारांचं काही नाही. पाचवं दारू न पिण्याचं. दीड वर्षापूर्वी दीक्षा घेताना त्यानं ते रडत रडत म्हटलं होतं, आणि चार महिन्यांत मोडलं होतं. तेव्हापासून पाचव्या शिलाला तो नुसते ओठ हलवायचा. आता तेवढ्यानं भागणार नव्हतं.

मुंबईत दारूबंदी होती. म्हणजे दारू दुकानात मिळत नव्हती, बाकी सगळीकडे मिळत होती. पैसेवाल्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर परमिट, कुशाबासारख्यांना डिलाईल रोडच्या बोळात हातभट्टीची. बकुळेला तो सांगायचा, "सभेला जातो." संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा इतक्या व्हायच्या की ही थाप कोणत्याही दिवशी खपावी. बकुळा वाद घालायची नाही. तो परतला की ताट वाढायच्या निमित्तानं जवळ यायची, वास घ्यायची आणि गुमान पाठ फिरवायची. त्या पाठीचीही त्याला भीती वाटायची.

मग गिरणीत, रिंग खात्यात, तुटलेला धागा जोडताना त्याचे हात कापायला लागले. ते हेरले टाइम ऑफिसातल्या हेरंब कारकुनानं. गिरगावचा बामण, काळी टोपी, हजेरीत कुणाला एक मिनिट सोडणारा नाही. एकदा हजेरीचं तिकीट देताना तो हळूच म्हणाला, "गुरुवारी सहाला परळला या. शाळेच्या मागच्या खोलीत. दारू सोडू पाहणारी माणसं बसतात. मीही असतो."

कुशाबा तिकीट घेऊन सटकला. बोलवतोय कोण, तर हजेरी मांडणारा. कबूल करायचं काय, तर गुन्हा. सरळसरळ सापळा! दोन गुरुवार तो तिकडे फिरकला नाही. पण बुद्धजयंती सोळा दिवसांवर आली तशी त्या वाक्याची भीती सापळ्याच्या भीतीहून मोठी झाली. तिसऱ्या गुरुवारी तो बकुळेला म्हणाला, "सभेला जातो." यावेळी ते जवळजवळ खरं होतं.

खोलीत मुलांच्या बुटक्या बाकांवर सातआठ जण गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. कुशाबा दाराजवळच्या बाकावर टेकला. एकेक जण उठे, नुसतं नाव सांगे, आपण दारुडे आहोत म्हणे आणि किती दिवस झाले ते सांगून बसे. कुशाबाची पाळी आली. तो ताडकन उभा राहिला, हात बाजूला ताठ, आणि साहेबापुढं सांगावं तसं सांगून गेला, "कुशाबा भागोजी, तिकीट नंबर चारशे बारा, रिंग खातं, पहिली पाळी, बीडीडी चाळ, वरळी!"

सांगून झाल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. नाव, नंबर, पत्ता, सगळं आपल्या तोंडानं दिलं. त्याची नजर हेरंबच्या हाताकडे गेली. हातात ना वही, ना टाक. आणि तो हातही कापत होता.

"इथं हजेरी नसते, कुशाबा," तो म्हणाला. "मी हेरंब. मी दारुडा आहे. आज एकेचाळीस दिवस झाले."

कुशाबा मटकन बसला आणि मग पाचव्या शिलाचं सगळं बोलला. जन्मभराचं वचन आपल्या हातून पुन्हा मोडणार, हेही त्यानं सांगितलं. हेरंब म्हणाला, "जन्मभराचं राहू दे. आज घेतलीत?"

"न्हाई."

"मग आजच्यापुरतं म्हणा. उद्याचं उद्या."

घरी बकुळा ताट घेऊन जवळ आली. थांबली. पुन्हा एकदा वास घेतला. त्या रात्री तिनं पाठ फिरवली नाही.

बुद्धजयंतीला पटांगण भरलं. मंचावर चढून कुशाबानं चार शिलं खणखणीत म्हटली. पाचव्यापाशी तो थांबला. समोर दोनशे तोंडं वाट बघत होती. अप्पांच्या कपाळाला आठी पडली. पळून जावं असं त्याला वाटलं, खरंच वाटलं.

"मी कुशाबा," तो म्हणाला. "ह्ये शील मी मोडलंय. आज सोळा दिस झालं, शिवलो न्हाई. आज पाळतोय. फुडचं मला सांगता येत न्हाई."

आता मंडळ आपल्याला खाली उतरवणार, चाळ तोंडावर थुंकणार, हे त्यानं धरूनच चाललं होतं. अप्पा उठायला लागले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एकटा आवाज आला. बकुळा उभी राहून पाचवं शील म्हणत होती. बायकांनी आधी म्हणायची रीत नव्हती. पण तिनं ते शेवटपर्यंत म्हटलं आणि त्याच्याकडे बघत थांबली.

अप्पा खाली बसले. कुशाबानं हात जोडले आणि बायकोच्या मागून ते वाक्य मोठ्यानं म्हटलं.