मोरचुदाची जुनी टाकी

तुमच्या मामाने तुम्हाला कंपनीच्या इतिहासाचं जे गुळगुळीत पुस्तक पाठवलं आहे, त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. तो मी सांगितला, त्याने छापला. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला लिहायचं आहे, आणि ते मी क्रमाने लिहिणार आहे.

साताऱ्याला मी रसायनशास्त्र शिकले, तेही इंग्रजीतून. लग्नानंतर तुमच्या आजोबांनी मिरजेजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड घेतली आणि आम्ही दोघांनी मोरचूद करायला सुरुवात केली. द्राक्षावर दावण्या रोग पडतो, पानांखाली पांढरी बुरशी धरून ती गळतात. त्यावर चुना आणि मोरचूद यांचं बोर्डो मिश्रण फवारतात. तासगावकडे बागा वाढत होत्या आणि चांगलं मोरचूद लांबून आणावं लागे. आम्ही भंगारातल्या तांब्याच्या तारा आणायचो, गरम आम्लात विरघळवायचो आणि तो निळा पाक शिशाचं अस्तर असलेल्या टाकीत सोडायचो. आत पट्ट्या टांगलेल्या असत. चार-पाच दिवसांत त्यांच्यावर खडे धरत. माझ्या एकाही सुती साडीचा पदर आम्लाने भोकं पडल्याशिवाय राहिला नाही.

तपासणी माझ्याकडे होती. एका वेळी टाकीतून निघालेला माल म्हणजे एक घाणा. प्रत्येक घाण्याचा नमुना मी तपासायचे, काचेच्या बाटलीत सीलबंद ठेवायचे आणि वहीत नोंदवायचे. मग आजोबांनी एक चिठ्ठी छापून घेतली: ‘या पोत्यातील माल मी स्वतः तपासला आहे.’ खाली माझी सही. ती प्रत्येक पोत्यात जायची. बागायतदार दुकानात जाऊन ‘बाईंचं मोरचूद द्या’ म्हणायचे. एका शेडच्या तीन झाल्या, एका टाकीच्या नऊ. आजोबा गेले, मामाने कारभार हाती घेतला, माल परराज्यांत जाऊ लागला. मी मात्र रोज दहा वाजता प्रयोगशाळेत जात राहिले. आमचे जुने फोरमन ताटलीत खडे घेऊन येत, चहा येई, मी तपासून सही करी. पुस्तकात माझा बाटली हातात धरलेला फोटो आहे, तो तिथलाच.

गेल्या हंगामात जतकडचा एक शेतकरी आला. त्याचे वाडवडील मेंढरांमागे फिरले. कालव्याचं पाणी आल्यावर त्याने दोन एकर द्राक्ष लावली होती. माझ्यासमोर त्याने करपलेली पानं ठेवली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं मोरचूद.

“आवं बाई, फवारनी केली आन् चार दिसांत समदी बाग भाजल्यागत झाली. फुलोऱ्यात हुती.”

“चुना जुना असेल.”

“न्हाई बाई. कळीचा चुना, ताजा इझवल्याला. इळा बुडवून बी बगितला. तांबूस झाला न्हाई.”

मिश्रण नीट जमलं आहे की नाही हे पाहण्याची तीच योग्य रीत आहे. त्याने सगळं बरोबर केलं होतं, आणि हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पोत्यावरचा क्रमांक विचारून कपाटातून त्याच घाण्याची बाटली काढली, त्याच्यासमोर अमोनिया घातला. गडद निळा रंग आला, तळाशी भेसळीचा गाळ नाही.

“माल चोख आहे,” मी म्हटलं. “चूक तुमच्या हातची. बाग म्हणजे मेंढरं राखणं नव्हे.”

हे वाक्य मी बोलले. गाळून लिहिलं तर या कागदाचा उपयोग नाही.

“व्हय बाई,” तो म्हणाला. “मेंढरं बरी. आजारी पडली तर वरडत्यात तरी.” आणि तो गेला. पिशवी टेबलावरच राहिली.

टेबलावर आलेली वस्तू तपासून, नोंदवूनच टाकायची, असा माझा नियम आहे. दोन दिवसांनी ती पिशवी घेतली. रंग निळा आला, पण तळाशी तपकिरी गाळ बसला. लोखंड होतं, आणि भरपूर. कोणीतरी मोरचुदात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिसळला होता. तो स्वस्त असतो, हिरवट दिसतो, मोरचुदात बेमालूम मिसळतो आणि कोवळी पानं भाजतो. मी तपासणी तीनदा केली. तिन्ही वेळा गाळ.

वाटलं, दुकानदाराने भेसळ केली असेल. मामाला सांगण्याआधी आपली शेड नजरेखालून घालावी म्हणून दुसऱ्या दिवशी आठलाच गेले. नऊपैकी आठ टाक्या कोरड्या होत्या. मागच्या दाराशी ट्रक उभा होता आणि बायका कुठून तरी आलेली भुकटी आमच्या पोत्यांत भरून तोंडं शिवत होत्या. प्रत्येक पोत्यात माझी चिठ्ठी टाकत होत्या. मला पाहून सगळ्यांचे हात थांबले.

“वैनी, आज लवकर?” फोरमन म्हणाले.

“टाक्या कधीपासून बंद आहेत?”

“तीन वर्सं झाली.”

“मग मी रोज तपासते ते काय?”

त्यांनी कोपऱ्यातल्या आमच्या पहिल्या टाकीकडे पाहिलं. तिच्यात पट्ट्या टांगलेल्या होत्या, निळे खडे धरलेले होते. “ती येक तुमच्यासाठी चालू ठिवलीया. सायेब म्हनले, आईचा जीव रमतो.” मग खाली बघत म्हणाले, “तुमास्नी वाईट वाटंल म्हनून कुनी बोललं न्हाई.”

तीन वर्षं. वॉचमनला ठाऊक, पोती शिवणाऱ्या बायकांना ठाऊक, चहा आणणाऱ्याला ठाऊक. मी एप्रन चढवून लहान मुलीसारखी भातुकली खेळत होते, आणि सगळे अदबीने ताटली पुढे करत होते.

मी मामाला जाब विचारला. तो म्हणाला, “अगं आई, सगळे असंच करतात. तांबं परवडत नाही.”

“मग चिठ्ठी कशाला टाकतोस?”

“चिठ्ठी नसली तर पोतं कोण उचलेल?”

त्या दिवशी त्याने मला सांगितलेली एवढीच गोष्ट खरी होती.

साध्या कागदावर मी तपासणीचा निष्कर्ष लिहिला, घाण्याचा क्रमांक घातला, नाव-पत्ता-पदवी लिहिली आणि जतची एसटी धरली. शेतकरी बागेतच होता. वेलींवर नुसत्या काड्या होत्या, घड नव्हते. मी आधी माफी मागितली, मग कागद दिला. त्याने तो दोनदा वाचला.

“कंपनी तुमचीच की.”

“हो.”

“पोराच्या इरोधात जातंय हे.”

“जाऊ दे.”

“लय उशीर केला, बाई. पंचनामा झाला. शेतीखात्याच्या सायेबानं इचारलं, कशानं करपली? मी सांगितलं, माजीच चूक. बाई सोता म्हनल्या म्हनल्यावर खोटं कसं आसंल? त्येच लिवून घेतलं, खाली माजी सही.”

 पुस्तकातली ती सगळी वाढ, परराज्यांत जाणारी पोती, यातलं काही मला त्या क्षणी आठवत नव्हतं. माझ्या शब्दावर या माणसाने स्वतःला गुन्हेगार ठरवून घेतलं होतं, एवढंच समोर होतं.

आम्ही दोघं तिथूनच तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो. मी अर्ज लिहिला की याचा जबाब माझ्या चुकीच्या सांगण्यावरून दिलेला आहे, तो धरू नये. कारकून म्हणाला, “आजी, एकदा झालेला पंचनामा बदलत नाही.” मी म्हटलं, “बदलू नका. हा त्याला जोडा.” संध्याकाळी पोच मिळाली.

त्यानंतर मामा घरी आलेला नाही. तुमच्या आईला मात्र त्याचे फोन येतात, हे मला ठाऊक आहे. तो म्हणतो, आईचं वय झालं, तिच्या तपासणीत चूक झाली असेल, तिला अर्ज मागे घ्यायला सांग. तुमच्यापर्यंतही ते येईल, आणि सांगणारा तुमचा लाडका मामा असेल. त्याच्यावरचं प्रेम कमी करा असं मी म्हणत नाही. माझ्याच्याने ते होत नाही. पण माझी वही माझ्याकडे आहे, उरलेली पिशवी सील करून ठेवली आहे, आणि ती कुणीही, कुठेही तपासू शकतो.

त्या अर्जावरची सुनावणी सोमवारी तालुक्याच्या कृषी कार्यालयात आहे. काल त्या शेतकऱ्याचा फोन आला होता. “येताय न्हवं?” त्याने विचारलं. त्याच्या आवाजात भरवसा नव्हता, आणि का असावा? सकाळच्या पहिल्या एसटीने येते, असं मी त्याला सांगितलं आहे.