एका फ्रीजसाठी खासदार

दिल्लीत आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत भिशीला बायका जमल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, “तू संसदेत होतीस ना, सांग ना यार काहीतरी मजेशीर!” मी दोन टर्म एका महिला खासदारांची पीए होते. तिथले किस्से गोळा करावे लागत नाहीत, घरात रद्दी साचते तसे आपोआप साचतात. मजेशीर म्हणाल तर कठीण आहे. सुरुवातीला बायका हसतात, मग एकेकीचा चहा गार होतो. तरी पुढच्या भिशीला पुन्हा विचारतात.

खासदार म्हणजे आमच्या मालतीताई. महाराष्ट्रातल्या एका डोंगराळ तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिकवायच्या. त्यांची एकुलती लेक अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच रक्तस्राव सुरू झाला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, पण रक्त नव्हतं. जिल्ह्याला हलवा म्हणाले. अश्विनी घाटातच, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गेली. बाळही गेलं.

ताईंनी नोकरी सोडली, मोर्चे काढले, उपोषणं केली. एका पक्षाला त्या सोयीच्या वाटल्या, तिकीट मिळालं आणि त्या चक्क निवडून आल्या. तुमचा अजेंडा काय, असं दिल्लीत कुणी विचारलं की सांगायच्या, “आमच्या दवाखान्यात रक्त ठेवायचा एक फ्रीज.” लोकांना तो विनय वाटायचा. विनय कसला, दुसरं काही मागायला त्या आल्याच नव्हत्या!

•

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. कॅन्टीनमध्ये ताई आणि मी टोस्ट खात होतो. उत्तरेकडचे एक ज्येष्ठ खासदार समोर येऊन बसले. ताईंच्या घराण्यात कुणी राजकारणात नाही, वडील नाहीत, सासरे नाहीत, हे कळल्यावर त्यांनी मनाशी काही हिशेब केला आणि चेहरा पाडून विचारलं, “बहनजी, पतिदेव कब गुज़रे?”

ताई म्हणाल्या, “अभी तक तो नहीं गुज़रे. सुबह भिंडी लाने गए थे.”

अख्खं टेबल हसलं. ते गृहस्थ ओशाळले आणि ताईंसाठी आणखी एक चहा मागवून निघून गेले. सहानुभूतीचं तिकीट ओळखायला ते चुकले नव्हते. पण अजून कोण गेलंय, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि ताईंनीही सांगितलं नाही.

•

मग पहिलं भाषण. पहिल्या भाषणात सहसा कुणी मध्ये बोलत नाही, तेवढा मान ठेवतात. ताईंनी हिंदीत लिहून, पाठ करून, तालुक्यातल्या बाळंतिणींबद्दल सांगितलं. घाट किती लांब आहे ते सांगितलं. रक्ताचं सांगतानाही थांबल्या नाहीत.

त्या खाली बसल्या आणि मंत्र्यांच्या बाकांकडून एक चिठ्ठी आली. सभागृहात अशा चिठ्ठ्या फिरतात, शिपाई आणून देतो. ताईंना वाटलं, झालं काम! उघडली तर आत लिहिलेलं, भाषण उत्तम झालं, साडी फारच सुंदर आहे, कुठून घेतलीत, आमच्या मिसेसना हा रंग आवडतो.

ताईंनी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं, “माझ्या लेकीची आहे.” आणि परत पाठवली. मंत्र्यांनी ती वाचून दुरून नमस्कार केला. लेकीची निवड छान आहे, अशी मानही हलवली. हे मला सांगताना ताई हसत होत्या. मला मात्र त्या माणसाचा इतका राग आला होता की विचारू नका. खरं तर बिचाऱ्याला ठाऊक काय होतं!

•

आता शून्य प्रहराचं ऐका. आपल्या भागातलं तातडीचं गाऱ्हाणं मांडायची ही वेळ. आधी नोटीस द्यायची, मग सोडतीत नंबर लागला तर लागला. ताईंचा कितीतरी दिवस लागेना. एकदाचा लागला तेव्हा आदल्या संध्याकाळी त्यांनी फ्लॅटवर अण्णांना, म्हणजे यजमानांना, सभापतींच्या जागी सोफ्यावर बसवून तालीम केली. अण्णा दर वेळी शेवटच्या वाक्याआधी घंटी वाजवायचे, तेव्हा वाक्यं अजून छाटली.

सकाळी पक्षाचा निरोप आला. आज सगळ्यांनी फलक घेऊन सभापतींच्या आसनासमोर जायचं आणि कामकाज बंद पाडायचं. ताई पक्षाच्या प्रतोदांकडे धावल्या. मला दोन मिनिटं बोलू द्या, मग म्हणाल तेवढं ओरडते, म्हणून विनवलं. प्रतोद भला माणूस, पण वरून आदेश होता.

मी ऑफिसातल्या टीव्हीवर बघत होते. गोंधळातच सभापतींनी ताईंचं नाव पुकारलं. ताई त्यांच्या पुढ्यातच उभ्या होत्या, हातात फलक, तोंडानं घोषणा. नाव ऐकून त्या गप्प झाल्या, मान वर करून बघितलं. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. त्या पुन्हा ओरडू लागल्या आणि सभागृह दिवसभरासाठी तहकूब झालं.

ऑफिसात येऊन पाणी प्यायल्या. म्हणाल्या, “आज मीच माझ्या तोंडावर ओरडले गं.” मी उगाच फाइली आवरत बसले.

•

तुम्ही म्हणाल, एवढा खासदार निधी असतो, घेऊन टाकायचा फ्रीज! घेतला ना. दुसऱ्या वर्षीच घेतला. हार घालून, नारळ फोडून, ताईंच्या नावाची पाटी लावून दवाखान्यात बसवला. मात्र नुसत्या फ्रीजनं भागत नाही. रक्त ठेवायला परवाना लागतो, तंत्रज्ञ लागतो. दिल्ली म्हणे, आरोग्य हा राज्याचा विषय. राज्य म्हणे, प्रस्ताव केंद्राकडे आहे. दोघंही खरंच बोलत असावेत, कारण कागद कुठेच सापडत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मी ताईंबरोबर तिकडे गेले. दवाखान्यात त्या सरळ फ्रीजपाशी गेल्या आणि दार उघडलं. आत स्टाफचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि विरजण लावलेलं दही. नर्सबाई घाबरून म्हणाल्या, “ताई, बंद ठेवला तर खराब होतो, म्हणून चालू ठेवलाय.”

ताई रागावल्या नाहीत. बरं केलंत म्हणाल्या. गाडीत बसल्यावर मात्र घाट संपेपर्यंत डोळे मिटून बसल्या होत्या.

•

आणि हा शेवटचा. दुसरी टर्म संपत आली होती. ताईंचा एक प्रश्न तोंडी उत्तरासाठी निवडला गेला. त्या दवाखान्यात रक्ताअभावी किती बाळंतिणी दगावल्या, एवढंच विचारलं होतं. छापील उत्तर सकाळीच हातात पडलं. एकही नाही!

उत्तर खोटं नव्हतं. दवाखान्यात खरंच कुणी दगावलं नव्हतं. जिल्ह्याच्या इस्पितळातही नाही, वाटेत गेलेलीला तिथे ‘आणण्यापूर्वीच मृत’ म्हणून लिहायचे.

तोंडी प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतो. मी गॅलरीत बसले होते. ताई उभ्या राहिल्या आणि सभागृहात पहिल्यांदाच मराठीत बोलल्या. आरोग्यमंत्र्यांनी घाईघाईनं भाषांतराचा हेडफोन कानाला लावला.

“माझी लेक त्या दवाखान्यातून निघाली तेव्हा जिवंत होती. जिल्ह्याला पोचली तेव्हा नव्हती. मंत्रीमहोदयांनी सांगावं, ती कुणाच्या हिशेबात?”

मंत्री सावकाश उठले.

“माननीय सदस्या की पीड़ा में पूरा सदन सहभागी है,” ते म्हणाले, आणि सगळ्यांनी बाकं वाजवली. “लेकिन मृत्यु अगर सड़क पर हुई है, तो यह विषय सड़क मंत्रालय का है.”

पुढचा प्रश्न पुकारला गेला.

ताईंनी रस्त्यांच्या मंत्रालयाला लेखी प्रश्न दिला. उत्तर आलं, त्या तारखेला त्या मार्गावर कोणत्याही अपघाताची नोंद नाही, रस्त्याची स्थिती समाधानकारक आहे. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. अधिवेशनाचे थोडेच दिवस उरले होते, नव्या प्रश्नाची नोटीस त्याच दिवशी द्यायला हवी होती. आता कोणतं मंत्रालय लिहू, मी विचारलं.

“त्या घाटात दोन्ही बाजूंना जंगल आहे,” ताई म्हणाल्या. “वन मंत्रालय लिही.”