अप्सरेची चकाकी

कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळात भिंतीभर दगडी अप्सरा उभ्या आहेत. अंग करडं, खरखरीत. छाती तेवढी काळीभोर, चकचकीत.

"रोज तेल लावत असतील, आपल्या देवीला लावतात तसं," म्हणत सहलीतल्या नलूमावशींनी हात जोडले.

गाइड मुलगी खाली बघत इंग्रजीत काही बोलली. मी मावशींना मराठीत सांगितलं, "तेल नाही हो. येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात आहेत ते."

कारागिराने प्रत्येकीच्या केसांची ठेवण निराळी घडवली होती. बघायला आलेल्यांना मात्र तेवढंच दिसलं. निदान दगडाची झाली तर बाई सुटेल, असं मला उगाच वाटायचं.

मावशींनी वाकून समोरच्या अप्सरेच्या पायांना हात लावला. बोटांना धुळीचा थर लागला. तिथवर कुणाचा हात गेलाच नव्हता.