बोटांना पाठ झालेला नंबर

"अहो, बाळ-बाळंतीण कशी आहेत?"

"कुठली बाळंतीण? इथे चादरी धुतात, आजोबा!"

रुग्णालयाच्या फोनवर बसणाऱ्या ताईंनी कपाळाला हात लावला. पुन्हा तेच! नवी यंत्रणा आली, सगळ्यांचे नंबर बदलले आणि प्रसूती वॉर्डाचा जुना नंबर धोबीखान्याच्या वाट्याला गेला. नवा नंबर ताईंना तोंडपाठ होता. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितला असता. पण कुणी "प्रसूती" म्हटलं की बोट आपलं जुन्या बटणांवर! सगळं आयुष्य या खुर्चीत गेलं. आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या बाई त्या. आणि आता साहेबांनी बजावलं होतं, "आणखी एक चूक झाली तर तुम्हाला तळघरात फायली लावायला पाठवावं लागेल, ताई."

घरी आल्या त्या धुमसतच. सून कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. तिने समजावलं, "आई, माहितीची आठवण वेगळी, हाताच्या सवयीची वेगळी. आम्ही प्रयोगात माणसांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला देतो. मग पहिला शब्द तोच ठेवून जोडीदार बदलतो. विचारलं की जुनाच जोडीदार आधी तोंडात येतो. विसरणं म्हणजे दर वेळी पुसलं जाणं नव्हे. जुनं नव्याच्या वाटेत उभं राहतं."

"मग त्याला वाटेतून हटवायचं कसं?"

"ते तितकं सोपं नाही हो."

"मग शिकवता तरी काय एवढं!" ताई करवादल्या आणि भाजी परतायला उभ्या राहिल्या. मीठ घ्यायला उजवा हात वर गेला, तर तिथे साखर. सुनेने डबे हलवल्यापासून रोजचीच कटकट. "तुझे ते डबे आणि त्यांचे ते नंबर, मला वेड लावणार तुम्ही सगळे!"

भाजी करपायला आली. उजव्या हातातलं उलथनं न सोडता त्यांनी डावा हात लांबवला. तो थेट नव्या जागी गेला. मीठच!

ताई डब्याकडे बघत राहिल्या. या हाताला जुनी जागा ठाऊकच कुठे होती?

सकाळी त्यांनी रिसीव्हर उजव्या हातात धरला. मानेला रग लागली, वायर कोपराला गुंडाळली गेली, डावं बोट बटणं चाचपत फिरू लागलं. नेमके साहेब मागे येऊन उभे राहिले आणि नेमके तेच आजोबा फोनवर.

"प्रसूती वॉर्ड द्या. आणि बाई, आज तरी चादरी नकोत!"

"देते हो, देते. जरा दम धरा!"

एकेक बटण दाबलं. पलीकडे घंटी वाजली. कुणीतरी फोन उचलला आणि पाठोपाठ एका तान्ह्याचं खणखणीत रडणं ऐकू आलं. ताईंनी श्वास सोडला.

साहेब वाकून बघत होते. "ताई, तुम्ही डावखुऱ्या कधी झालात?"

"काल," मान चोळत ताई खेकसल्या, "भाजी करपताना."