शालूच्या जरीची माशी

परदेशात, हॅमिल्टनला, आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहायचे. उभा जन्म दूध-पावडरीच्या कारखान्यात गेलेला, आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस ओढ्यावर ट्राउट मासे धरण्यात. गळाला लावायच्या नकली माश्या ते स्वतःच बांधत. २०१४ साली संधिवातानं बोटं आखडली आणि हातात दोरा ठरेना. मला अंगणात साडीला फॉल लावत बसलेली पाहून ते कुंपणावरून म्हणाले, "तुझे हात मला तासभर हवेत."

शनिवारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. टेबलावरच्या चिमुकल्या वाइसच्या, म्हणजे पकडीच्या, जबड्यात गळ धरलेला होता.

"ही माशी तरंगायची नाही. पाण्यात बुडालेल्या किड्यासारखी दिसली पाहिजे," त्यांनी बजावलं.

आधी गळावर दोरा, मग पिसाची शेपटी, तपकिरी लोकरीचं अंग, त्यावर चंदेरी तारेचे विरळ वेढे आणि शेवटी मानेशी कोंबडीचं मऊ पीस. पहिल्या तीन माश्या हातातच उसवल्या. चौथी जमत आली आणि तार संपली. मी घरी जाऊन शालूचा फाटका काठ आणला, त्यातली जर उसवली.

"हे कशातलं?"

"माझ्या लग्नातल्या शालूतलं."

"नवरा रागवेल."

"शालूचा रंग कोणता होता, हे त्याला आजही सांगता यायचं नाही."

ते खोकला येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्यावर गेलो. माझा मासेमारीचा एका दिवसाचा परवाना त्यांनी आधीच काढून ठेवला होता. मी जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, आले म्हणून बायकोचे गमबूटही दिले. दोनदा माझा गळाचा दोर झाडात अडकला. तिसऱ्यांदा माशी प्रवाहात बुडाली, आणि दोराला हिसका बसला.

"ओढू नकोस. पळू दे त्याला."

मला तेवढं कुठलं सुचायला? पण दोर सैल सोडला, मासा दमला, आणि आजोबांनी तो जाळीत घेतला. अंगावर ठिपकेच ठिपके.

"सोडायचा की खायचा?"

"मी कोकणातली आहे," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही, म्हणून सांगितलं, "खायचा."

संध्याकाळी रवा लावून तळला. आजोबांनी आखडल्या बोटांनीच काटे काढले आणि सोलकढी दोनदा मागून घेतली. त्या मोसमात मी वीसेक माश्या बांधल्या. निम्म्या तरी झाडांनीच खाल्ल्या असतील, पण ओढ्यावर कुणी भेटलं की आजोबा डबी उघडून सांगायचे, "ही आमच्या शेजारणीची."