रांगेतला शब्द

शेजारच्या कुसुमताई गच्चीवर कुरडया वाळत घालताना इंग्रजी शब्द म्हणत होत्या. त्यांची शाळा सातवीनंतर सुटली, पण शेवटची अक्षरं सारखी असलेले ते शब्द चालीवर पाठ केलेले, ते मात्र सुटले नाहीत.

मी सहज विचारलं, "कुसुमताई, माइट म्हणजे काय हो?"

त्यांनी डोळे मिटले. "लाइट म्हणजे उजेड, नाइट म्हणजे रात्र, राइट म्हणजे बरोबर, फाइट म्हणजे भांडण, माइट म्हणजे ताकद!" मग हसल्या. "मधलाच मागितलास तर नाही देता येत बाई. पहिल्यापासून आलं की सापडतो."

मला आई आठवली. आम्ही चौघी बहिणी, मी शेंडेफळ. मला हाक मारताना ती "विजया, शोभा, सुमन" करत माझ्यापर्यंत यायची. मी चिडायचे. माझं नाव हिला आधी का सुचत नाही? आज वाटलं, तिच्या मनात मी एकटी कधीच नव्हते.

खाली येऊन थोरल्या विजयाताईला फोन केला.

"बोल गं शोभा... सुमन... अगं, मंगल!"

माझा नंबर येईपर्यंत मी फोन कानाला धरून मजेत उभी होते.