पप्पांच्या अंगठ्याचं नख

पप्पांच्या उजव्या अंगठ्याचं नख कधी पिवळं पडलं ते घरात कुणालाच माहीत नाही. द्राक्षबागेत फवारणीच्या दिवसांत ते सकाळपासून गमबुटात असतात. नख जाड झालं, कडेने भुसभुशीत झालं, तेव्हा कुठे आमचं लक्ष गेलं.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या डॉक्टरांनी बुरशी म्हणून सांगितलं. लिव्हरचा रिपोर्ट बरा नव्हता, त्यामुळे गोळ्या नाहीत. नखावर लावायचं औषध, आठवड्यातून एकदा, वर्षभर. "शुगरमुळे यांच्या पायांना काही कळत नाही," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. "जखम होऊन चिघळली तर अंगठा काढावा लागेल. यांना स्वतःला काही करू देऊ नका."

काम माझ्याकडे आलं. मम्मीला जवळचं नीट दिसत नाही, आणि औषधाच्या खोक्यातला कागद इंग्रजीत होता.

मी नाशिकला नोकरी करते. दर रविवारी दिंडोरीला घरी जायचं, ओट्यावर पेपर पसरायचा, पप्पांचा पाय मांडीवर घ्यायचा. नख घासायचं, स्पिरिटने पुसायचं, औषधाचा ब्रश फिरवायचा, वाळेपर्यंत थांबायचं.

"आल्या आमच्या डॉक्टरीणबाई," पप्पा मम्मीला ओरडून सांगायचे. "तुला नेलपॉलिश लावायची का गं? फुकट हाय."

मी हसत नसे. पहिलीपासून मी इंग्लिश मीडियमसाठी नाशिकला मावशीकडे राहिले. पप्पा महिन्यातून एकदा यायचे, प्रगतिपुस्तक उलटं-सुलटं करून बघायचे आणि शेवटची बस गाठायचे. त्यांचा पाय इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. घासताना पांढरी पूड पडायची, ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. पप्पा बागेकडे बघत बसायचे. संपायची वाट दोघंही बघायचो.

ऑक्टोबरमध्ये मी सलग तीन रविवार गेले नाही. ऑफिसचं काम आहे, असं फोनवर सांगितलं. काम नव्हतं. केस धुतले, मोबाइल बघितला, झोपले. वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही.

चौथ्या रविवारी गेले तर अंगठ्याला चिंधी बांधलेली. सोडली, तर अंगठा निळा.

"हे काय लावलंय, पप्पा?"

"बोर्डो. छाटणी झाली की वेलीच्या खोडाला लावतो ती पेस्ट. मोरचूद अन् चुना. तिथं बी बुरशी, हितं बी बुरशीच ना? तुला टाइम नव्हता, मग लावली मीच."

"किती दिवस झाले?"

"चार-पाच. दुखत नाय काय."

"त्यांना पाय तोडला तरी दुखायचं नाही," मम्मी आतून म्हणाली. "मी म्हटलं, पोरीला फोन करा. तर म्हणे, कशाला तिला त्रास."

मी निळं धुतलं. खालची कातडी पांढरी पडून सुटली होती, आणि नखाच्या कडेला ओलं, लाल मांस दिसत होतं. मी पुसत होते आणि पप्पा सांगत होते, वरचा प्लॉट यंदा चांगला फुटलाय.

सोमवारी डॉक्टरांनी मेलेली कातडी कापून काढली. रोज ड्रेसिंग करायचं, बूट बंद. अंगठा राहील की नाही, ते आठ दिवसांनी सांगतो म्हणाले. मग विचारलं, "यांचा पाय कोण बघतं?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, "पोरगी बघती. तिनं बजावलं होतं, मीच ऐकलं नाय."

डॉक्टर त्यांना बरंच बोलले. पप्पा मान हलवत राहिले. मी फाइल धरून उभी होते.

बाहेर येऊन मी ऑफिसला फोन केला आणि आठ दिवसांची सुट्टी मागितली. एका मिनिटात मिळाली. पप्पा शेजारीच उभे होते. दिंडोरीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर म्हणाले, "लगेच दिली की सुट्टी."

"हो," मी म्हटलं.

मी रोज ड्रेसिंग केलं. आठव्या दिवशी डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि राहील म्हणाले. नख मात्र गेलं होतं. नवं यायला वर्ष लागेल, आणि त्यालाही सुरुवातीपासून जपावं लागेल.

"रविवारी काम असंल तर राहू दे," दवाखान्याचा जिना उतरताना पप्पा म्हणाले. "तुझी मम्मी बघंल."

"तिला दिसत नाही," मी म्हटलं, आणि त्यांचा पाय पायरीवर नीट पडतोय ना ते बघत राहिले.